बांबूची साइडकार

पाटण,
३ ऑक्टोबर १९४६

याकूब,

रामराम आणि सलाम, दोन्ही. पलटण सुटून आठ महिने झाले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दल मनातल्या मनात तू ज्या शिव्या दिल्या असशील त्या पोचल्या असं समज. आता काम पडलं म्हणून लिहितोय, हेही कबूल करतो.

लीलाला क्षय झाला आहे. भाद्रपदात तिला बैलगाडीनं कराडला आणि तिथून आगगाडीनं मिरजेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, एकच फुफ्फुस धरलंय, दर पंधरा दिवसांनी आणा, छातीत हवा भरू, म्हणजे ते फुफ्फुस विश्रांती घेईल. खाट रिकामी झाली की ठेवूनही घेऊ. आम्ही खुशीत परतलो. पण त्या एका खेपेनं ती आठ दिवस तापानं फणफणली. दुसऱ्या खेपेला मोटारीनं निघालो, तर ती खोकली आणि लुगड्याच्या पदराला रक्त दिसलं. उतारूंनी ओरडा केला. ड्रायव्हरनं आम्हाला मल्हारपेठेच्या अलीकडं उतरवलं. मी त्याच्या अंगावर गेलो असतो, पण लीलानं माझी बाही धरली होती. तिथून घरी चालत आलो, ती माझ्या पाठीवर.

आता ऐक. इथल्या लाकडाच्या ठेकेदाराच्या छपरात एक जुनी मोटरसायकल गंजत पडली होती. मी तिच्या बदल्यात माझं इटलीचं घड्याळ दिलं. टाकीला भोक आहे, क्लच धरत नाही, ठिणगी पडत नाही, मागचा टायर उंदरांनी खाल्ला आहे. साइडकारचा सांगाडा आहे, वरची पेटी नाही. ती मला चालू करायची आहे. पैसे नाहीत, तू आहेस.

तुझा
लालासाहेब

सांगली,
११ ऑक्टोबर १९४६

लालासाहेब,

शिव्या दिल्या होत्या, पण तू मोजल्यास त्यापेक्षा जास्त. वहिनींचं वाचलं आणि सगळ्या परत घेतल्या. बायकोनं, ताहेरानं, पत्र दोनदा वाचून घेतलं आणि चुलीपुढं बसून रडली. त्या ड्रायव्हरचं नाव मला नको सांगूस, उगाच माझ्या हातून काही व्हायचं.

मोटरसायकलीबद्दल मात्र तू गाढव आहेस. इटलीत तू ती फक्त पळवलीस. तुझ्या हातात पाना दिला की नटाच्या आट्या जायच्या. आता मी सांगतो तेवढंच कर, स्वतःची अक्कल चालवू नकोस.

टाकीला गावातल्या तांबटाकडून डाग मारून घे. व्हॉल्व्ह काढ आणि एमरीची बारीक पूड आणि तेल लावून जागेवर घासत बस. दोन दिवस लागले तरी घास. मग वरून रॉकेल ओत. खाली थेंब गळला तर अजून घास. क्लचच्या थाळीत बुचाचे तुकडे असतात, ते झडले असणार. ते विकत मिळायचे नाहीत. औषधाच्या बाटल्यांची बुचं उकळून दाबून बसव आणि कानशीनं सपाट कर.

ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला मात्र तू हात लावू नकोस, तो काढून माझ्याकडं पाठव. त्याची तार मी नव्यानं गुंडाळतो. परत आला की एकच गोष्ट तुला जमवायची: ठिणगीच्या दोन टिकल्यांमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी हवी. मी तर हाताशी असेल त्या कार्डाचा कोपरा फाडतो आणि मध्ये सरकवून बघतो. विलायती मापं गेली खड्ड्यात.

मिरजेच्या त्या दवाखान्याच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्तीला माझ्याकडंच असतं. खाटेचं मी बघतो.

याकूब

पाटण,
६ नोव्हेंबर १९४६

याकूब,

मॅग्नेटो गोणपाटात शिवून पाठवला आहे. मधल्या महिन्यात काय काय झालं ते सांगतो.

व्हॉल्व्ह तीन दिवस घासले. रॉकेल गळायचं थांबलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, ‘गळत न्हाई ते दावाया बोलावलंस व्हय?’ पण उभी राहून बघत होती. पहिल्यांदा या लोखंडावर तिचा फार राग होता. बैलगाडीनंच न्यावं असं तिचं मत. मी म्हटलं, दर पंधरा दिवसांनी बैलगाडीत घातली तर रोगाच्या आधी रस्ताच तिला मारील. तेव्हापासून गप्प आहे.

बुचं लीलाच जमवते. बाटली संपली की बूच धुऊन उशाखाली ठेवते. अठरा पाहिजेत, तेरा झाली. मला म्हणते, ‘आजून पाच बाटल्या प्यायला पायजे मला, तवा तुमचा कलच धरंल.’ ती हसली आणि मला मात्र उठून बाहेर जावं लागलं.

साइडकारची पेटी पत्र्याची करायची ऐपत नाही. अर्जुना बुरुडाला सांगाडा दाखवला. त्यानं ओल्या बांबूच्या कामट्यांची पाळण्यासारखी पेटी विणून दिली, पाठीला उतार ठेवून, म्हणजे तिला पडून राहता येईल. आई आत घालायला वाकळ शिवते आहे.

एकच धास्ती आहे. पलूसचे आमचे चुलते नानासो दम्यानं अंथरुणाला खिळले आहेत. त्यांचं काही झालं तर दहा दिवस सुतक. आई म्हणते, सुतकात घराबाहेर पडायचं नाही, दवाखाना तर नाहीच. रोज त्यांच्यासाठी देवापुढं हात जोडते, आणि निम्मा नमस्कार लीलासाठी असतो.

लालासाहेब

सांगली,
२५ नोव्हेंबर १९४६

लालासाहेब,

मॅग्नेटो आजच्या डाकेनं पाठवतोय. हातानं फिरवला तर बोटाला असा झटका देतो की तुला आपला सुभेदार आठवेल.

काल इंजिनाच्या निमित्तानं दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांना भेटलो आणि वहिनींचं नाव सांगितलं. त्यांना आठवण होती. ते म्हणाले, खाट मिळाली तर तीन-चार महिन्यांत बाई चालत घरी जाईल, रोग अजून एकाच बाजूला आहे. पण उशीर नको. मी रोज कुणाला ना कुणाला विचारत राहीन. तू टायर बघ.

याकूब

सांगली,
१४ डिसेंबर १९४६
(पोस्टकार्ड)

लालासाहेब,

खाट मिळाली. २४ तारखेपर्यंत वहिनींच्या नावानं ठेवायला डॉक्टर कबूल झालेत, एक दिवस जास्त नाही. मोटरसायकल राहू दे. बैलगाडीनं आण, डोलीनं आण, पण आण. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत हात काळे करून बसलोय, तसाच उठून हे लिहितोय. मी मिरज स्टेशनावर रोज येऊन बघतो.

याकूब

पाटण,
२९ डिसेंबर १९४६

याकूब,

चालू झाली. काल सकाळी सतराव्या लाथेला खोकली, अठराव्याला धूर टाकला आणि मग जी लागली ती मी बंद करेपर्यंत बंद झाली नाही. कोंबड्या अजून परड्यात आलेल्या नाहीत. लीला अंथरुणातून उठून दारात आली. चौकटीला धरून उभी होती. मी तिला ओरडलो नाही. किती दिवसांनी ती स्वतःहून उठली होती.

टायरसाठी मध्यंतरी दोन दिवस कराडला जाऊन आलो. पहिल्या खेपेला रिकाम्या हातानं परतलो. आता एकानं जुना टायर पंधरा-वीस दिवसांत देतो म्हणून सांगितलंय. पेट्रोलची कुपनं मामलेदार कचेरीतून मिळाली.

ताप मात्र आता उतरत नाही. डाव्या कुशीवर झोपवत नाही म्हणते. तू खाटेचं बघतो म्हणाला होतास, त्याचं पुढं काय झालं? रोज डाकेची वाट बघतो. तुझं अक्षर आलेलं नाही, म्हणजे अजून नाही असंच धरून चाललोय. पण टायर बसला की खाट असो नसो, हवा भरायला तरी घेऊन येतो.

लालासाहेब

सांगली,
६ जानेवारी १९४७

लालासाहेब,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू माझी थट्टा करतोयस का?

१४ तारखेला मी तुला कार्ड टाकलं. खाट मिळाली, २४ पर्यंत आण, मोटरसायकलीचा नाद सोड, असं स्पष्ट लिहिलं. दहा-बारा दिवस मी मिरज स्टेशनावर प्रत्येक गाडीचे डबे पुढून मागे बघत फिरलो. हमाल मला ओळखायला लागले. डॉक्टरांनी २४ चे २६ केले, माझ्या तोंडाकडं बघून. २७ ला कोल्हापूरकडचे एक मास्तर त्या खाटेवर आले. आता उन्हाळ्यापर्यंत काही नाही.

मला वाटलं, तुला ते लोखंडच जास्त प्यारं झालं. हे मी ताहेराजवळ बोललोही. ती म्हणाली, असं नसेल, काहीतरी घोळ आहे. घोळ असेल तर कळव. नसेल तर मला लिहू नकोस.

याकूब

पाटण,
१५ जानेवारी १९४७

याकूब,

घोळच आहे. वाच, आणि वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

तुझं पत्र वाचून मी आईला विचारलं, मी कराडला होतो तेव्हा एखादं कार्ड आलं होतं का? तिचा चेहरा पडला. ती मला गोठ्यात घेऊन गेली. वळचणीत खोचलेलं तुझं कार्ड काढून तिनं माझ्या हातात दिलं. त्याचा वरचा कोपरा फाटलेला होता.

आता तुला कळलं असेल. आमच्यात कुणी गेल्याचं पत्र कोपरा फाडून धाडतात. बिराप्पा धनगर बाजारातून येताना डाक आणतो, त्याला अक्षर येत नाही, आईलाही नाही. तिनं कोपरा बघितला आणि नानासो गेले असं धरलं. ती मला म्हणाली, ‘आत न्हाई आणलं म्या. आजारी माणसाच्या घरात असलं कारड आणू ने. आन् तुला सांगितलं आस्तं तर दहा दिस सुतक धराया लागलं आस्तं. तुझी गाडी थांबली आस्ती, लीलीचं जाणं थांबलं आस्तं. कानावर आलंच न्हाई तर सुतक कशाचं? तुमी मिरजंवनं आला म्हंजे सांगनार हुते. लय पाप केलं का रं म्या?’

लीलाचं जाणं थांबू नये म्हणून तिनं ते लपवलं, याकूब. ती महिनाभर एकटीच मनात नानासोंचं दुःख करत होती.

मग मला म्हणाली, वाच, काय लिहिलंय. मी कार्ड वाचलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ‘नानासो ठीक हायती. याकूबचं कारड हाय. जादा बुचं लागली तर कळव म्हणतोय. कामात कोपरा फाटला आसंल.’ ती मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. आत जाऊन तिनं नानासोंच्या नावानं देवापुढं साखर ठेवली. मलाही दिली. मी खाल्ली.

हे आता तुला आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला कळता कामा नये. आईला कळलं तर ती विहीर जवळ करील, हे मी तिचा मुलगा म्हणून सांगतो. लीलालाही कळू द्यायचं नाही. टायर मिळाला आहे. या महिनाअखेर निघतो.

लालासाहेब

सांगली,
२० जानेवारी १९४७

लालासाहेब,

कोपरा माझ्या हातानं फाटला. मला आठवतंय. गिऱ्हाइकाच्या मॅग्नेटोची फट बघायला समोरचं कोरं कार्ड घेतलं, कोपरा फाडला, फट जमली. तेवढ्यात दवाखान्याचा माणूस खाटेचा निरोप घेऊन आला. दुसरं कार्ड आणायला बाहेर गेलो असतो तर डाक गेली असती. त्याच कार्डावर लिहिलं आणि धावत जाऊन पेटीत टाकलं. हिंदूंच्या आळीत जन्म गेला माझा. फाटक्या कोपऱ्याचा अर्थ मला माहीत नव्हता असं म्हणायचीही सोय नाही. घाईत डोक्यातच आलं नाही.

मी तुला नको ते लिहिलं. माफी कुठल्या तोंडानं मागू? आण त्यांना. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहतो.

याकूब

पाटण,
९ फेब्रुवारी १९४७

याकूब,

परत पोचलो. फाटकाशी तू होतास, पण डॉक्टरांच्या खोलीत काय झालं ते तुला सांगता आलं नाही. लीला जवळ होती.

जाताना तिनं फार मजा केली, हे आधी लिहितो. वाकळीत गुंडाळून पाळण्यात पडून होती. कृष्णेवरच्या पुलावर मला थांबायला लावलं, मग म्हणाली, चला, थांबलं की वारा लागत नाही. मुक्कामाला पलूसला नानासोंकडं उतरलो. म्हातारा अंथरुणात उठून बसला, मोटरसायकल बघायला चौघांनी त्याला धरून अंगणात आणलं. आपलं चांगलं चाललंय की, म्हणाला.

डॉक्टरांनी फोटो काढला. उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिले. दोन्ही बाजू धरल्यात, आता हवा भरून उपयोग नाही, खाट देऊनही नाही, असं सांगितलं. मग मला विचारलं, ‘डिसेंबरात मी दहा-बारा दिवस खाट ठेवली होती. तेव्हा का आणलं नाही?’

लीला माझ्याकडं बघत होती. खाटेचं तिनं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, ‘गाडी तयार झाली नव्हती.’ दुसरं काय सांगणार होतो? डॉक्टरांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

येताना कराडजवळ सावलीला थांबलो तेव्हा ती म्हणाली, ‘तुमी मनाला लावून घिऊ नगासा. सुटं भाग मिळंनात, त्याला तुमी तरी काय करनार? रातंदीस खपत हुतासा, मला दिसत न्हवतं का?’ तिनं मलाच समजावलं, याकूब. तिला बैलगाडीतून न्यायची सोडून मी मोटरसायकलीची वाट बघत बसलो, असं तिला वाटतंय, आणि तरी ती मला समजावत होती.

घरी आल्यावर आईनं विचारलं आणि तिनं जसंच्या तसं सांगितलं. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘बैलगाडीनं न्हे म्हणत हुते म्या. खाट ठेवली हुती तिच्यासाठनं. तुझ्या लोखंडानं खाल्लं माझ्या लीलीला.’ एवढंच. तेव्हापासून ती मला हातानं वाढत नाही. ताट सरकवून ठेवते आणि उठून जाते. आल्यागेल्याला सांगते. मी मान खाली घालून ऐकतो, कारण तिनं मला बोललेलं परवडलं. पण घरात तिघंच माणसं, त्यात एक निघालेलं, आणि दुसरं माझ्याशी बोलत नाही. फार जड जातं.

लालासाहेब

सांगली,
२६ मार्च १९४७

लालासाहेब,

वहिनींच्या दहाव्याला मी पाटणला आलो आणि तुला न भेटताच गेलो, असं तुला बिराप्पानं सांगितलं असेल. का गेलो ते लिहितो.

तू नदीवर होतास. मी तुमच्या अंगणात पोचलो तर आई एकट्याच जोत्यावर बसल्या होत्या. पलीकडं मोटरसायकल कुणीतरी गोणपाट टाकून झाकली होती. आईंनी मला ओळखलं. पाणी दिलं. मग तुझ्याबद्दल बोलायला लागल्या. पोटचं पोर, पण त्याचं तोंड बघवत नाही, म्हणाल्या. माझ्या सुनेला हट्टापायी घालवलं, म्हणाल्या. हे बोलून त्यांना तरी कुठं बरं वाटत होतं?

मी वाटेत काही ठरवलं नव्हतं. पण ऐकवेना. मी म्हणालो, ‘आई, लालासाहेबाची चूक न्हाई. मॅग्नेटो माझ्याकडं पडून हुता, डिसेंबर सरत आला तवापतूर. दुसऱ्या गिऱ्हाइकांची कामं उरकत बसलो म्या. खाटेची खबरबी माझ्याकडंच हुती, ती म्या येळंवर कळवली न्हाई. त्यो पत्रावर पत्र धाडत हुता.’

त्या म्हणाल्या, ‘आन् म्या माझ्या पोराला काय काय बोलले.’ पदर तोंडाला लावून रडल्या. वहिनी गेल्यावरही त्या रडल्या नव्हत्या, असं शेजारच्या राहीबाई मला बाहेर सांगत होत्या. मग डोळे पुसून त्या मला म्हणाल्या, ‘तू आता ऊठ. पुना ह्या दारात यिऊ नगंस.’ मी उठलो. लांबूनच वाकून निघालो.

तू आता लगेच कागद घेऊन बसशील आणि हे काय केलंस म्हणून मला लिहिशील. नको लिहूस. मी त्यांना जे सांगितलं ते सगळं खरं नसलं तरी सगळं खोटंही नाही. कार्ड माझं होतं. तू सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस, तर माझ्या वाट्याचं मी उचललं. मला तुझ्या घरी यायला मिळणार नाही, याचं फार वाईट वाटतंय. ताहेरालाही खरं सांगितलं आहे, ती कुणाला बोलायची नाही.

आता आई तुला हातानं वाढतील. जेवायला बस. माझं नाव काढून बोलल्या तर ऐकून घे, आणि माझी बाजू घेऊ नकोस.

तुझा
याकूब